हनुमंत पेंटरचा चौथा पाय

जुन्नरच्या एसटी स्टँडमागच्या बोळात, सायकलवाला आणि पिठाची गिरणी यांच्या मधे, हनुमंत पेंटरचा सहा फुटी गाळा होता. साऱ्या तालुक्याच्या पाट्या रंगवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दुकानाला मात्र पाटी नव्हती. मला हे फार खटकायचं. मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा धंदाच होता. एकदा न राहवून मी विचारलं, तर ब्रश रॉकेलात बुडवत तो म्हणाला, "आपली पाटी म्हंजी सगळ्यात भारी पायजे सर. तशी अजून हातातनं उतरली न्हाई."

अक्षरांपुरता हा नुसता विनय होता. नव्वदच्या सुमाराला ओतूरपासून मंचरपर्यंत कुठलीही पाटी वाचा, ती हनुमंतच्या हातची. ग्रामपंचायत, सोसायटी, खतांची दुकानं, ट्रॅक्टरच्या मागचं 'आईवडिलांची कृपा', चौदा एप्रिलचे कापडी बॅनर, सगळं त्याचंच. त्याचा 'श' बघायला मी मुद्दाम वाकडी वाट करून जायचो. अर्थात त्याला हे कधी सांगितलं नाही, कारण पेंटरला डोक्यावर बसवू नये असं मला वाटायचं.

त्याची काम करायची पद्धत ठरलेली. आधी भिंतीवर सूत मारायचं. निळीत घोळवलेली सुतळी दोन खिळ्यांना ताणायची, मधे धरून सोडायची, की भिंतीवर सरळ निळी रेघ उमटायची. मग त्या रेघेला एकेक अक्षर टांगत जायचं. खाली दुसरी रेघ मारायची गरज त्याला कधी पडली नाही. "अक्षर वरनं टांगलं की खाली बरोबर येतंय," असं तो म्हणायचा, आणि ते खरंही होतं.

घोटाळा झाला तो अठ्ठ्याण्णव साली एका अंगणवाडीच्या भिंतीवर. सरपंचांनी सांगितलं, "पेंटर, मुळाक्षरांच्या बाजूला एक हत्ती बी होऊन जाऊ द्या." हनुमंत नाही म्हणणारा माणूस नव्हता. त्यानं आधी हिरवी जमीन रंगवली, वर नेहमीप्रमाणे सूत मारलं आणि त्या रेघेला हत्ती टांगला. पाठ अशी सरळ आली की वर अंथरूण घालून झोपावं. पण चार पायांच्या चार लांब्या झाल्या, आणि एकही पाय जमिनीला लागेना. हत्ती अंगणवाडीच्या भिंतीवर हवेत लोंबकळत राहिला.

आता कुणीही पाय लांब केले असते. हनुमंतनं जमीन वर आणली. गुडघ्यापर्यंत दाट गवत काढलं आणि पाय झाकून टाकले. सरपंच खूश, पोरं खूश. तिथून त्याला ती सवयच लागली. हरीण असेल तर पोटापर्यंत गवत. ससा असेल तर नुसते कान. एका शाळेच्या भिंतीवर मी स्वतः पाहिलंय, दहा फूट गवत, त्यातून वर आलेले दोन कान आणि खाली सुंदर अक्षरात 'ससा'. मासा आणि साप तो फार छान काढायचा, कारण त्यांना पाय नसतात.

एक मात्र कबूल करतो. गवत काढून काढून त्याचा हात गवतावर असा बसला की कुंदा कुठला, हरळी कुठली आणि लव्हाळा कुठला, हे शेतकरी लांबून ओळखायचे. एका म्हातारीनं रानातून कधी हटत नाही तो कुंदा भिंतीवर बघून, "शाळेत बी शिरला का मेला," म्हणून कडाकडा बोटं मोडली होती.

ओझरच्या रस्त्यावर गेणभाऊंची दुधाची डेअरी होती. त्यांनी पाटीवर म्हैस मागितली आणि बजावलं, "गवत नको. माझी म्हस गोठ्यात असती." हनुमंतनं दोन दिवस विचार केला आणि म्हैस तळ्यात उतरवली, गळ्यापर्यंत. डोकं सुरेख, शिंगं तर फारच सुरेख. गेणभाऊंनी पाटी वरून खालपर्यंत बघितली.

"म्हस झकास हाय पेंटर. पण कास कुठाय?"

"पाण्यात."

"मंग मी दूध कुठनं काढायचं?"

यापेक्षाही अडचणीचं म्हणजे तळ्याच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाणी न घातलेले शुद्ध दूध'. ती पाटी अकरा दिवस टिकली. त्या अकरा दिवसांत डेअरीवर जेवढी माणसं आली तेवढी पूर्वी कधी आली नव्हती, पण त्यातलं कुणी दूध घ्यायला आलेलं नव्हतं.

तोवर हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, कारण पोट अक्षरांवर भरत होतं. मग दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला नारायणगावात फ्लेक्स छापणारं मशीन आलं. रात्रीतून वीस फुटी बोर्ड, वर नेत्याचा आणि त्याच्या पंचवीस कार्यकर्त्यांचा फोटो. हनुमंतचा 'श' कुणालाच नको झाला. दोन वर्षांत हाती राहिल्या त्या फक्त भिंती, आणि भिंतीवर लोक मागायचे निसर्ग आणि जनावरं. फ्लेक्सवरचं जनावर उन्हानं सहा महिन्यांत निळं पडतं, हे लोकांना कळायला लागलं होतं.

हनुमंतची बायको बनाबाई. फार हुशार बाई, आणि नवऱ्याला घरातल्या घरात चिमटे काढायची तिला आवड. तिच्या भावानं अवसरीच्या नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात वॉचमनची जागा बघून ठेवली होती. खाकी ड्रेसचं मापही देऊन झालं होतं. ती म्हणाली, "चैताची यात्रा हुईस्तवर काय ती जनावरं काढून घ्या. चारी पायांचं एक जरी जनावर कुणी पसंत केलं तर मी गप बसते. न्हाई तर एक तारखेला गेटवर बसायचं. शिट्टी बी तेच देत्यात."

हनुमंतला वॉचमनच्या कामाची लाज नव्हती. त्याचं दुखणं वेगळं होतं. कॉलेजच्या गेटवर भलामोठा फ्लेक्स होता, आणि वॉचमनची खुर्ची बरोबर त्याच्या खाली. "दिवसभर त्येच्या सावलीत बसायचं सर," तो मला म्हणाला, "त्येच्यापरीस उनात मेलेलं बरं."

हे तो म्हणाला ती वेळ म्हणजे रविवारची सकाळ. दारात टोमॅटोची पिशवी घेऊन उभा होता. वय चव्वेचाळीस, मिशीला निळा रंग लागलेला. "जय भीम सर. मला जनावर शिकवा."

मला मनातून गुदगुल्या झाल्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत कुणी आपण होऊन माझ्याकडे काही शिकायला आलं नव्हतं. माझ्या तासाला बहुतेक वेळा गणिताचे सर बसायचे आणि मी बाहेर फळ्याच्या कडेला सुविचार लिहायचो. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आधी घागर."

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे मन खाणार नाही. घागर, कांदा आणि लिंबू, एवढं सोडून मी समोर ठेवून आयुष्यात काही काढलेलं नव्हतं. चित्रकलेच्या परीक्षेला जनावर येत नाही. पण शिकवायला येत असलंच पाहिजे असं कुठे आहे?

हनुमंतनं घागर काढली. तोंड झकास, पोट झकास, बूड टेबलापासून दोन बोटं वर. मी म्हणालो, टेबलावर टेकव. त्यानं टेबल वर घेतलं. दुसऱ्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी मी त्याला नीट बघत बसलो, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यानं कागदावर आधी एक आडवी रेघ मारली होती आणि घागर तिच्या काठाला धरून खाली सोडली होती.

"पेंटर, ही रेघ कशाला?"

"मंग टांगू कशाला?"

मी तापट आहे. वही भिंतीवर मारली. "घागर काय, हत्ती काय, जगातली प्रत्येक वस्तू जमिनीवर उभी असते. टांगलेली नसते."

"अक्षरं टांगलेली असत्यात," तो म्हणाला. मी परत ओरडलो.

त्या दिवसापासून मी वरची रेघ बंद केली. आधी जमीन, मग खूर, मग वर. त्यानं मुकाट्यानं ऐकलं. खालच्या रेघेवर चार खूर एका ओळीत, अगदी सारख्या अंतरावर ठेवले, त्यावर पाय चढवत नेले, आणि वर पोचेपर्यंत पाठीचा हरिश्चंद्रगड झाला. एक गाय तर अशी झाली की पुढचं धड गायीचं आणि मागचं आठवडी बाजारात जमिनीवर पसरलेल्या पथारीचं. बनाबाईनं ते कागद चुलीला घातले नाहीत, शेजारणींना दाखवायला जपून ठेवले.

शिंगं आणि वशिंड मात्र मला शिकवावं लागलं नाही. मी वशिंड कसं काढायचं ते पुस्तकात शोधत होतो, तोवर त्यानं काढूनही टाकलं. "'भ'ला वरची रेघ तोडतोच की आपण. तिथनंच वर काढलं." शिंगांच्या जागी त्यानं सरळ दोन वेलांट्या दिल्या होत्या, एक पहिली, एक दुसरी. शोभून दिसत होत्या. मी 'बरं आहे' एवढंच म्हणालो.

पाय मात्र काही केल्या येईनात. शेवटी मी ठरवलं, प्रत्यक्ष बघून काढायचं. डोळ्याचं कारण सांगून सोमवारी रजा घेतली आणि त्याला घेऊन बेल्ह्याच्या बैलबाजारात गेलो. एक खिल्लार खोंड बघून आम्ही समोर पोत्यावर बसलो. मी शास्त्राप्रमाणे हात लांब केला, पेन्सिल उभी धरली, एक डोळा मिटला आणि अंगठ्यानं माप घेतलं. हनुमंतनंही तसंच केलं. चार-पाच वेळा झालं असेल. खोंडाचा मालक उठून आला.

"पावणं, बैलाला डोळा का मारताय?"

मी त्याला प्रमाणबद्धता समजावून सांगायला लागलो. त्यानं ऐकून घेतलं, परत गेला, आणि आमची नजर लागू नये म्हणून आपली घोंगडी खोंडावर टाकली. एक पुरेना, म्हणून शेजारच्याकडून दुसरी आणून तोंडावरून टाकली. आता शिंगं नाही, पाठ नाही, वशिंड नाही. घोंगडीखाली दिसत होते ते फक्त चार पाय.

मी निघू म्हणालो. हनुमंत हलला नाही. टांगायला वर काही उरलंच नव्हतं. तीन तास तो पोत्यावर बसून नुसते पाय काढत राहिला. खुरांची फट, गुडघ्याची गाठ, मागच्या पायाचं ते मागे वाकणं, सगळं. संध्याकाळी त्यानं वही दाखवली. चारही पाय जमिनीवर होते.

पुढच्याच आठवड्यात हौशीरामचा निरोप आला. ओझरच्या रस्त्यावर, देवदर्शनाच्या गाड्या थांबतात तिथे, हौशीरामची रसवंती होती. त्याहून मोठी ओळख म्हणजे तो गाडामालक. आमच्याकडे यात्रेला बैलगाड्याच्या शर्यती होतात आणि गाडामालकाला आमदारापेक्षा जास्त लोक ओळखतात. हौशीरामचा बैल मिलिटरी. बारा वर्षांत किती यात्रा मारल्या याचा हिशेब नाही. दोन वर्षांमागे म्हातारा होऊन गोठ्यातच गेला. त्याचा एकुलता एक फोटो रसवंतीत लावला होता, त्यात धुरळा आणि शर्यतीत गाड्याच्या पुढे पळवतात त्या घोडीचं शेपूट होतं. "ह्या धुरळ्यात हाय त्यो," हौशीराम प्रत्येक गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवायचा.

फोटोच्या शेजारी आणखी एक कागद प्लास्टिकमध्ये घालून टांगला होता. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, 'सदर बैलाचे चारही पाय निर्दोष आहेत'. मी विचारलं, हे काय?

"लोक जळायचे, गुर्जी. बैल जिकला की पायावरनं बोलायचे. पायात खोट हाय म्हणायचे. मी समद्या तालुक्याशी भांडलो." त्यानं रसवंतीच्या मोठ्या पांढऱ्या भिंतीकडे बोट केलं. "हितं मिलिटरी पायजे. मागं डोंगर, नदी, घाट, काय घालायचं ते घाला. पण गवताची एक काडी नको. पाण्यात बी घालायचा न्हाई, गेणभाऊची म्हस मी बघितलीय. चारी पाय भुईला टेकल्यालं, आन् समद्यांना दिसलं पायजेत."

"आणि पसंत कुणी करायचं?" मी विचारलं.

"आमच्या घरच्यांनी." म्हणजे सरूबाई, त्याची बायको. बारा वर्षं मिलिटरीला वैरण-पाणी तिनंच केलं होतं. सध्या लेकीच्या, समृद्धीच्या, बाळंतपणाला चाकणला गेली होती आणि यात्रेआधी परत येणार होती. "एसटीतनं उतरल्यावर, कुणी काय न सांगता, भित्तीकडं बघून तिनं मिलिटरीचं नाव घेतलं तर पास. न्हाई घेतलं तर मी चुना मारीन." आणि बाकीचे तीन गाडामालक याच निकालाची वाट बघत होते. हौशीरामच्या घरच्यांनी ओळखला, तर त्यांचे बैलही हनुमंतच काढणार होता. म्हणजे अख्ख्या वर्षाचं काम सरूबाईच्या जिभेवर होतं, आणि दुसऱ्या बाजूला शिवून तयार झालेला खाकी ड्रेस.

तीन आठवडे काम चाललं. शाळा सुटली की मी रसवंतीवर. डोंगर, नदी आणि लांबचा ऊस हनुमंतनं दोन दिवसांत उरकला. शर्यतीच्या घाटाची, म्हणजे बैलगाडे पळतात त्या चढाची, तांबूस माती अशी काढली की बघून नाकात धूळ जावी. सूत मारायचं नाही अशी मी शपथ घातली होती, त्यामुळे सुतळी तो खिशात ठेवून अधूनमधून नुसता चाचपायचा. त्याची खरी घालमेल गवतापायी होती.

"एक काडी काढू द्या सर. लांब, नदीपाशी."

"नाही."

"वाळकी काढतो."

मी त्याला उसाचा रस पाजला आणि परत शिडीवर चढवला.

बघे पुष्कळ जमायचे. मिलिटरीला ओळखणारे म्हातारे यायचे, रंग असाच कोसा, करडट होता, शिंगं जरा आत होती, वशिंड डावीकडे कलायचं, असं सांगायचे. हनुमंत ऐकून ऐकून सुधारायचा. कुणी मधेच, "पण त्येचा त्यो पाय..." असं सुरू केलं की हौशीराम चरकाचा दांडा थांबवून त्याच्याकडे बघायचा. तो माणूस गप होऊन रस प्यायचा. मीही खुर्ची टाकून बसायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, पाय कसे टेकलेत बघा, म्हणून दाखवायचो. ते पाय मला माझेच वाटायला लागले होते.

शेवटचा खूर रंगवून झाला तो दिवस शनिवार, सकाळचे अकरा. मागचा उजवा. रंग अजून ओला होता. बैल पुरा झाला, चारही पाय खुंट्यांसारखे जमिनीत रोवलेले. शास्त्राप्रमाणे एक चूक काढून दाखवा, असं मी मनाशी म्हणत होतो, तेवढ्यात एसटी थांबली आणि सरूबाई उतरली. हातात दोन पिशव्या, काखेत गाठोडं.

हौशीरामनं रसाचा पेला भरून तिच्यापुढे धरला. तिनं बसून रस प्यायला, पदरानं तोंड पुसलं, समृद्धीला मुलगा झाला, साडेसहा पौंड भरला, जावयानं पेढे कमी आणले, हे सगळं सांगितलं. मग तिची नजर भिंतीवर गेली.

"कुणाचा बैल म्हणायचा ह्यो?"

हौशीराम तिचा रिकामा पेला घेऊन विसळायला लागला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "लई गुणाचा दिसतोय. कसा गप हुबा हाय. आपला कुठं असा गुणाचा व्हता?" आणि पिशव्या उचलून तोंड धुवायला मागच्या वस्तीवर निघून गेली.

मी हनुमंतकडे बघितलं नाही. माझ्यानं बघवेना. पाच महिने मी त्याला हेच शिकवलं होतं, आणि त्यानं ते बरोबर केलं होतं, आणि सगळं पाण्यात गेलं होतं. तो शिडीवरून उतरला, ब्रश रॉकेलात धुवायला लागला. धुता धुता म्हणाला, "सर, वॉचमनची शिट्टी कंच्या हातात धरत्यात?"

हौशीराम चुन्याची बादली आणायला गेला नाही. चरकापाशी पोत्यावर बसला. एकदा फोटोतल्या धुरळ्याकडे बघितलं, एकदा डॉक्टरच्या दाखल्याकडे. मग खाली मान घालूनच बोलला.

"पेंटर, मागचा उजवा पाय."

"काय झालं त्येला?"

"टेकवत न्हवता त्यो." हौशीरामला ते शब्द काढणं फार जड गेलं. "पळताना समद्यांच्या म्होरं. पण हुबा ऱ्हायला की त्यो पाय वर धरायचा, चार बोटं. खोट न्हवती काय, सवय व्हती. लहानपनापासनं. लोक हसायचे, म्हणून मी भांडायचो. दाखला बी त्याच्यापायीच आनला." त्यानं हाताची चार बोटं आडवी धरली. "घ्या वर. चार बोटं."

हनुमंत उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "घे." मला दुसरं काय म्हणता येणार होतं?

त्यानं रॉकेलचा बोळा घेतला आणि ओला पाय एका हातानं पुसून काढला. मग खिशातून सुतळी काढली. मी घातलेली शपथ त्यानं माझ्यासमोरच मोडली. पोटाच्या खाली सूत मारलं, आणि त्या निळ्या रेघेला तो पाय टांगला. मोजून दहा मिनिटं लागली. ना वही, ना पेन्सिल, ना एक डोळा मिटणं. गुडघा किंचित दुमडलेला, खूर खाली लोंबणारा, जमिनीपासून चार बोटं वर.

"राग मानू नका सर," तो हळूच म्हणाला, "पण एवढं मला पयल्यापासनंच येत व्हतं."

मी राग मानला नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदाच मानला नाही.

सरूबाई तोंड पुसत परत आली. खांद्यावर टॉवेल होता. अंगणात येऊन थबकली. आम्ही तिघं एका बाजूला उभे. ती भिंतीच्या अगदी जवळ गेली, आणि ओल्या हातानं बैलाच्या पाठीला हात लावायला निघाली, पण रंग ओला असेल म्हणून मधेच थांबली. मग रोज गोठ्यात बोलत असेल तशा आवाजात म्हणाली,

"मिलिटरी, टेक की रं आता त्यो पाय. किती येळ धरशील तसा?"

हौशीराम पोत्यावर खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हनुमंतला वाटलं, बाईंना पाय पसंत पडला नाही. त्यानं घाईघाईनं रॉकेलचा बोळा उचलला आणि भिंतीकडे निघाला. मी धावत जाऊन त्याचा हात घट्ट धरला, आणि सरूबाई आत वळेपर्यंत सोडला नाही.